कंपनीचा ठिपका

वर्ध्याजवळ पिपरी मेघेला वरच्या मजल्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला तीन प्रश्न विचारले. मिक्सर किती वर्षांचा आहे? पंख्याचा टकटक आवाज चालेल का? आणि घरात पेचकस आहे का? त्याआधी पाहिलेल्या दोन्ही घरांत, एकटी बाई कशी राहणार, इथपासून चौकशी झाली होती. इथे फक्त पेचकस. आहे म्हटल्यावर त्यांनी हात पुढे केला.

"तो मायाजवळ जमा राहीन. लागला तं मागजा. भाडेकरू लोक स्क्रू पिळतात अन् सगळे काप सरळ करून ठेवतात."

सरळ असले तर काय बिघडलं, असं मी विचारलं. ते मला स्विचबोर्डाजवळ घेऊन गेले. चार स्क्रू, चारही डोक्यांवरचे काप चार दिशांना. "हे कंपनीचे हायेत. पिळता पिळता जिथं थांबले तिथं थांबले. ज्यानं सगळे सरळ केले, समजून जायचं, त्यानं नंतर खोललं."

मी खोली घेतली. सहा वर्षं राहिले. सेवाग्रामच्या दवाखान्यात मी भांडार विभागात आहे. वस्तू कुठून आली, कोणी घेतली, कुठे ठेवली, हे लिहिणं माझं काम. असा माणूस मला परवडणार होता.

ते आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवून निवृत्त झालेले. गल्लीत सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणू लागले. अंगाने सडपातळ, पांढरा शर्ट, खिशात टायरचा दाब मोजायची नळी. बैठकीच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी, त्याच उंचीवर, एक इंजिन आतून कापून दाखवणारा नकाशा. बाईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, स्कूटी अकरा वर्षं रस्त्यावर उभी होती, कारण पोर्चमध्ये गाडी होती.

गाडी देशातच बनलेली, पण त्या काळच्या बाकीच्या गाड्यांसारखी गोल-मटोल नव्हे. लांब नाक, रुंद कंबर, पुढे चार गोल दिवे, आणि उभी असतानाही निघाल्यासारखी दिसणारी. कंपनीचं नाव लिहीत नाही. जाणकारांना कळेल, बाकीच्यांचं अडणार नाही. सरांनी ती हिंगणघाटजवळच्या एका भंगारवाल्याकडून आणली, तेव्हा मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. आठ महिन्यांत त्यांनी ती चालू केली. पण त्यांना ती नुसती चालवायची नव्हती. ज्या दिवशी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली, त्या दिवशी जशी होती, तशी करायची होती. त्यात पुढची वर्षं गेली.

"चांगलं नको," ते म्हणायचे. "बरोबर पायजे."

हे दोन शब्द वेगळे आहेत, हे मला माझ्या मिक्सरमुळे कळलं. तो बंद पडला. सरांनी खाली नेला, दोन दिवसांनी परत दिला. मी म्हटलं, आतला रबराचा तुकडा जरा दणकट टाकला असता तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी काही भलतंच बोलले. "कंपनीचा पाच वर्षं चालते, मॅडम. मंग पाचच वर्षं चालला पायजे." बरोबर पाच वर्षांनी तो गेला. मी तारीख लिहून ठेवली होती.

रंगाऱ्याचा किस्सा तर अख्ख्या गल्लीसमोर झाला. वर्ध्यातला जुना, नावाजलेला रंगारी, सरांच्याच वयाचा. त्याने डिक्कीच्या झाकणाला आतून रंग मारला, पुसून घेतला आणि अभिमानाने सरांना बोलावलं. सरांनी टॉर्च मारला.

"ओघळ कुठं हाय?"

"ओघळ? नाई येऊ दिला ना सर, एकही नाई."

"आणा मंग. डाव्या कोपऱ्यात, दोन. एक करंगळीएवढा, एक त्याच्याहून अर्धा. या गाडीले असतेच. कंपनीतला माणूस तिथं वाकून फवारा मारे, हात पोचे नाई, रंग जमा होये."

"बाप्पा रे!" रंगारी तिथेच खाली बसला. "चाळीस वर्षं झाले, ओघळ येऊ नये म्हणून शिकून राह्यलो. माया बापानं या ओघळासाठी मले मारलं. अन् तुमी म्हणता आणा! लोक काय म्हणतीन, सर?"

"लोक डिक्कीत तोंड घालत नाईत."

"मी घालतो ना! मले झोप येणार नाई."

तिसऱ्या प्रयत्नाला ओघळ जमला. पहिले दोन फार सुंदर आले होते.

या उद्योगात मी कशी आले, तर माझ्या दारामागे एक कागद चिकटवलेला असे. सिलेंडर, दूध, पाण्याची टाकी, पालींचं औषध, प्रत्येकाला रकाने. सर पंखा पाहायला वर आले आणि पंख्याऐवजी तो कागद वाचत उभे राहिले. "मागवल्याची तारीख अन् आल्याची तारीख वेगळी काऊन?" मी म्हटलं, मधले दिवस कोणी खाल्ले ते कळतं. पुढच्या रविवारी मी पोर्चमध्ये खुर्ची टाकून, मांडीवर जाड रजिस्टर घेऊन बसलेली होते.

तीनशे सतरा नोंदी झाल्या. रकाने असे: क्रमांक, भाग, रंग किंवा खूण, कारखान्याचा की नंतरचा, पुरावा, शेरा. दवाखान्याच्या सवयीने मी शेवटी आणखी एक रकाना आखला, तपासणाऱ्याची सही. सर हसले. "सही कोनाची? लावणारा मी, तपासणारा मी. मी पास केलं, असं मीच लिहू काय?" रकाना आखला गेला होता, म्हणून राहिला. तीनशे सतरा ओळी, शेवटचा चौकोन रिकामा. माझ्या डोळ्यांना ते खुपायचं, पण घरमालकाशी किती वाद घालायचा.

नोंद क्रमांक एकशे त्रेचाळीस: कार्बोरेटरच्या अंगावर, उजव्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका. कारखान्याचा. पुरावा: स्वतः पाहिला.

त्याची गोष्ट सरांनी मला एकदाच सांगितली, हातातलं काम न थांबवता. ते एकोणीस वर्षांचे होते, बारावीत अडकलेले, वर्ध्याच्या एका गॅरेजात नुकतेच लागलेले. सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेटने ही गाडी नवी कोरी घेतली होती, आणि तीन महिन्यांत ती अडखळायला लागली. गॅरेजच्या मालकाने यांना सायकलवर सेलूला पाठवलं. यांनी बोनेट उचललं. एवढ्या जवळून नवं इंजिन पहिल्यांदाच पाहत होते. आणि तिथे तो ठिपका.

"मले वाटलं, कंपनीत कोनीतरी माणूस असन. त्याचं काम एकच. एकेक पार्ट हातात घ्यायचा, तपासायचा, बरोबर असला तं ठिपका लावायचा. तो कोन, कुठला, कोनाले मालूम नाई. पण त्यानं पास केलं म्हणजे केलं." त्यांनी नटावरून हात फिरवला. "मंग मी आयटीआयचा फॉर्म भरला."

पुढे तीस वर्षं त्यांनी शिकवलं, आणि प्रत्येक मुलाला एक गोष्ट पक्की करून दिली: काम झालं की पुन्हा तपास, बरोबर असलं तर हिरवा ठिपका लाव, नसलं तर लावू नकोस, मास्तर विचारो न विचारो. वर्धा, सेलू, देवळी, कुठल्याही गॅरेजात जा. सरांचा विद्यार्थी असेल तर बोनेटखाली कुठेतरी ज्वारीचा हिरवा दाणा असतोच. माझ्या स्कूटीलाही आहे.

सेलूची ती गाडी अजून होती. शेट जाऊन बरीच वर्षं झाली; जिनिंग बंद; गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायच्या, किल्ल्या कमरेला. जिल्ह्यात त्या जातीची हात न लागलेली तेवढी एकच गाडी, म्हणून सर नऊ वर्षं दर महिन्याच्या एका रविवारी ती बघायला जायचे. बाईंची अट होती: बघायचं, हात लावायचा नाही. बोनेट त्यांचा गडी उघडायचा. सर हात पाठीमागे बांधून वाकायचे आणि मापं डोळ्यांनी घ्यायचे. चहा स्वतःचा न्यायचे, थर्मासमध्ये. बाईंनी कधी विचारला नाही, यांनी कधी मागितला नाही. आपणच तो सायकलवरून आलेला पोरगा, हेही त्यांनी बाईंना सांगितलेलं नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "गाडी पाहाले जातो. मायं काय त्यात?"

त्या हिरव्यासाठी चौदा महिने गेले. सर पांढऱ्या पुठ्ठ्यावर वीस-वीस ठिपके काढून सेलूला न्यायचे, एक डोळा मिटून, हात मागे ठेवून तुलना करायचे. पुठ्ठा मी धरायचे. शेवटी वर्ध्यातल्या रंगाच्या दुकानात एक डबा जुळला. दुकानदार म्हणाला, "सर, हा तं खिडक्यांचा ऑइल पेंट हाय."

सर चिडले. त्यांना चिडलेलं मी तेवढंच पाहिलं. "कंपनी काय खिडकीचा रंग लावन? नीट पाहत जा!"

मग नागपूरहून परीक्षक आले. तिथे जुन्या गाड्यांचा एक क्लब आहे. त्यात मूळ रूपाचा वेगळा वर्ग. गाडी त्या वर्गात बसली की तिच्या कागदांना लागून एक प्रमाणपत्र मिळतं, की ही कारखान्यातून निघाली तशी आहे. अट कडक: यादीतली एक जरी नोंद पुराव्याविना निघाली तर गाडी त्या वर्गातून बाहेर. दोघे जण होते, बोलणारा तरुण. तीन तास तपासलं. डिक्कीतला ओघळ पाहून त्याने सरांशी हात मिळवला. मग बोनेटखाली वाकला आणि थांबला.

"हा ठिपका काय आहे, सर?"

"कंपनीच्या तपासणीचा."

"या गाड्यांना तपासणीची खूण पिवळ्या खडूची असते. मी चाळीस-पन्नास गाड्या पाहिल्या. हिरवा कुठेच नाही."

"मी पाह्यला हाय. तीन महिन्यांच्या गाडीत."

"असेल. पण पुरावा?" मुलगा खरंच भला होता. त्याने आवाज उतरवला. "सर, एक काम करा. थिनर घ्या, पुसून टाका. मी तो पाहिलाच नाही असं समजतो. बाकी सगळं अप्रतिम आहे."

"पुसाले काय लागते?" सर म्हणाले. "पण हाय ते नाई कसं म्हणू?"

आठ दिवसांची मुदत मिळाली. सेलूच्या बाईंचं लेखी निवेदन आणायचं ठरलं: गाडीला खरेदीपासून कोणी हात लावलेला नाही. तेवढं मिळालं की ठिपका कारखान्याचा ठरणार होता. नाही मिळालं तर अकरा वर्षं गेली असती, आणि माझ्या मते सरांना त्या अकरा वर्षांपेक्षा त्या एका नोंदीची काळजी जास्त होती. ते तीन दिवस नीट जेवले नाहीत, असं सरांच्या पत्नी जिन्यात मला म्हणाल्या.

रविवारी स्कूटरवर आम्ही सेलूला गेलो. मजकूर मी सुवाच्य लिहून नेला होता. व्हरांड्यात मालकीणबाईंना, म्हणजे आजींना, वाचून दाखवला: "माझ्या मालकीच्या गाडीच्या बोनेटखालील भागांना खरेदीपासून कोणीही रंग अथवा खूण लावलेली नाही."

आजींनी पेन घेतला. टोपण काढलं. परत लावलं.

"पुन्हा वाचजो वं."

मी वाचलं.

"खूण नाई म्हणते? अन् तो हिरवा ठिपका?"

"तो कंपनीचा, बाई," सर म्हणाले.

"कायचा कंपनीचा! तो म्या लावला."

आजींना वाटलं सरांना पटलं नाही, म्हणून त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"गाडी नवीच होती. खोकून राह्यली होती. आमचे मालक म्हणे, गॅरेजवाला उद्या एक पोरगा पाठवून राह्यला. नवा हाय, वस्तीतला हाय. चांगला पार्ट काढून नेईन अन् जुना बसवून देईन, आपल्याले काय समजते? तू खूण करून ठेव. खिडक्यांले रंग देणं चालू होतं. म्या काडेपेटीची काडी बुडवली अन् लावून देल्ला. एवढ्या महागाची गाडी, म्हणून एवढुसाच!"

मी वळून पाहिलं. आजींच्या खुर्चीमागे खिडकी होती. तिचे गज हिरवे होते. चौदा महिने आम्ही तो पुठ्ठा घेऊन त्या खिडकीसमोरून शेडकडे जात होतो.

सर उभेच होते. हात सवयीने पाठीमागे बांधलेले. म्हणाले, "मंग पाह्यलं का नंतर?"

"काय?"

"पार्ट. बदलला का?"

"नाई बा. गाडी चालू झाली, झालं. बोनट कोन उघडते? मी तं इसरूनच गेलती." आजी हसल्या. "काऊन, ओळखता काय तुमी त्या पोराले?"

"ओळखतो."

"कसा होता?"

"कामाले बरा होता."

दुपारची वेळ. शेडमध्ये कबुतरं घुमत होती. गडी त्या दिवशी सुट्टीवर होता. सर म्हणाले, "बाई, खूण केली तं पाहाले पायजे. आज पाहून घ्या."

"आता? एवढ्या वर्षांनी?"

"बेचाळीस. काम अर्धं राह्यलं हाय."

आजी माझ्या खांद्याला धरून शेडपर्यंत आल्या. मी ताडपत्री ओढली. त्यांनी गडी आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि किल्ल्या सरांपुढे धरल्या. "उघडा मंग तुमीच."

सरांनी बोनेट उचललं. खटका कुठे आहे ते त्यांनी शोधलं नाही. मी टॉर्च धरला. आजी वाकल्या, चष्मा नाकावर ढकलला, बराच वेळ पाहत राहिल्या.

"हाय," त्या म्हणाल्या. "जाग्यावर हाय."

"मॅडम, रजिस्टर काढा."

मी पान काढलं. एकशे त्रेचाळीस. सरांनी सांगितलं तसं लिहिलं. "कारखान्याचा" खोडून "नंतरचा". पुराव्याच्या रकान्यात "स्वतः पाहिला" खोडून "लावणाऱ्या बाईंनी सांगितलं". शेरा त्यांनी वर्गात फळ्यावर लिहून देतात तसा, एकेक शब्द सुटा करून सांगितलं: "बेचाळीस वर्षांनी तपासलं. भाग बदललेला नाही."

मग त्यांनी शेवटच्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. "बाई, इथं सही करा."

"मायी काऊन?"

"तपासणारे तुमी."

आजींनी पेन घेतला. रजिस्टर गाडीच्या मडगार्डवर ठेवलं. सही करता करता, वर न बघता विचारलं, "कुठं असते तो पोरगा आता?"

"पिपरी मेघेले."

पेन थांबला. आजींनी मान वर करून सरांकडे पाहिलं. सर कुठून येतात ते त्यांना नऊ वर्षं माहीत होतं. मी टॉर्च बंद केला; आता त्याची गरज नव्हती. मग आजींनी अर्धवट राहिलेलं नाव पूर्ण केलं, आडनावासकट, आणि खाली एक रेघ ओढली.

घरी आल्यावर सरांनी कापडाला थिनर लावून आपल्या गाडीवरचा ठिपका पुसला. चौदा महिन्यांचा रंग. एकदाच कापड फिरवावं लागलं. निवेदनाचा न वापरलेला कागद मी फाडून टाकला. गाडी मूळ रूपाच्या वर्गात बसली. गुण कापले गेले ते बॅटरीचे, आणि ते सरांना मान्य होते.

एकच काम माझ्या यादीत शिल्लक होतं. घर सोडण्याआधी मी ते काढलं. जिल्हाभर त्यांचे विद्यार्थी आहेत. एकाचा नंबर मिळाला की सगळ्यांचे मिळतात. मी विचारलं, "सर, मुलांना कळवायचं का? ठिपका कंपनीचा नव्हता म्हणून?"

सर माझा पेचकस शोधत होते, परत द्यायला. सहा वर्षं कागदात गुंडाळून ठेवलेला. तो माझ्या हातात ठेवून म्हणाले, "काऊन कळवायचं? ते तं तपासूनच लावतात."